मेणाच्या बारा दाढा

भाची : आणि हे काय आहे, मामा? शब्दकोशाखाली?

मामा : कुठं? ते होय. ते राहू दे. तू शाई शोधत होतीस ना, ती खालच्या कप्प्यात असेल.

भाची : कॉलेजचं पत्र आहे.

मामा : असेल. कॉलेजांची पत्रं येतात. निवृत्त माणसाला हल्ली वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा पाठवतात. छापील.

भाची : मागच्या वर्षीचं आहे. ह्यात माझं नाव आहे. 'आपल्या परिचयातील अर्जदाराबद्दल...' मामा, हे उघडलेलं आहे.

मामा : मीच उघडलं होतं.

भाची : आणि त्यांनी दिलेला परतीचा लिफाफा आत तसाच. तिकिटासकट. कोरा.

मामा : खारू, तू आधी बस बघू. त्या खुर्चीवरची पुस्तकं खाली ठेव.

भाची : मी बसत नाही. तुम्ही उत्तर पाठवलंच नव्हतं?

मामा : नाही.

भाची : आणि मी वर्षभर पोस्टाला शिव्या घालतेय! त्या खिडकीतल्या बाईंशी भांडून आले होते मी. बिचारी तीनदा आत जाऊन पोत्यात बघून आली. मी तिला ठणकावून सांगितलं, माझे मामा दातांच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवत होते, ते पाठवलं म्हणाले म्हणजे पाठवलं.

मामा : मी 'पाठवलं' असं म्हणालो नव्हतो.

भाची : मी विचारलं, पाठवलंत ना? तुम्ही मान हलवलीत.

मामा : हलवली. पण उभी हलवली की आडवी, ते माझं मलाच नीट ठरवता आलं नव्हतं.

भाची : शी! किती घाणेरडं आहे हे, मामा. कॉलेजनं मला कळवलं, 'शिफारसपत्र न आल्यामुळे अर्ज अपूर्ण.' नापास नाही, नाकारलंही नाही. अपूर्ण! वर्ष गेलं माझं. आणि ते इथं शब्दकोशाखाली पडलं होतं.

मामा : मी रोज लिहायला बसायचो.

भाची : रोज?

मामा : पहिले दोन महिने रोज. मग शब्दकोश वर ठेवला. जड आहे तो. उचलायला दोन हात लागतात, म्हणून मग उचललाच नाही.

भाची : तुम्हाला माहीत होतं ना, दोन पत्रं लागतात? एक जिथं काम करते तिथलं. ते आमच्या दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी उभ्या उभ्या दिलं. दुसरं दातांच्या कॉलेजात शिकवलेल्या माणसाचं, जो मला ओळखतो. असा माणूस मी कुठून आणू? माझ्या ओळखीचा असा एकच आहे, आणि तो शब्दकोश उचलत नाही.

मामा : बोल. बोलून घे.

भाची : आणि ते तोंड भिंतीकडे करून बोलू नका. वास यायचा तो येतोच आहे.

मामा : येतो?

भाची : दारातच आला. खालची दाढ आहे ना? उजव्या बाजूची. किती दिवस झाले?

मामा : लवंग धरतो अधूनमधून.

भाची : लवंग धरतात म्हणे. सगळ्या दातांची चित्रं पाठ, आणि स्वतःची दाढ लवंगेवर. बरं, ते नंतर. ह्या वर्षीचं पत्र आलंय ना? त्यांनी मला कळवलंय की तुम्हाला पाठवलंय.

मामा : आलंय. त्या टेबलावर आहे. कशाच्याही खाली ठेवलेलं नाही.

भाची : आज शेवटची तारीख आहे. आजचा शिक्का लागतो. पाचला पेटी उघडतात.

मामा : माहीत आहे. घड्याळ समोर घेऊनच बसलोय सकाळपासून.

भाची : आणि किती लिहून झालं?

मामा : 'सादर नमस्कार.'

भाची : मामा!

मामा : त्यांचा प्रश्न फार सरळ आहे गं. तोच छळतो. ऐक. 'अर्जदाराची सरासरी चोपन्न आहे. तरीही ती हा अभ्यासक्रम पेलू शकेल असे आपणांस वाटते काय? वाटत असल्यास कशावरून?' बस. एवढंच. खाली नातं असल्यास लिहायला एक ओळ.

भाची : मग? वाटतं की नाही वाटत? मला हवं तेच लिहा असं मी म्हटलंय का कधी? नाही वाटत तर 'नाही' लिहा. दोन अक्षरांना वर्ष लागतं?

मामा : मला तुझ्या दाढांनी अडवलं.

भाची : माझ्या?

मामा : तू मला त्या वेळी खोका दिला होतास ना. मेणाच्या बारा दाढा. स्वतः कोरलेल्या. म्हणालीस, पत्रात लिहायला उपयोग होईल.

भाची : त्या आहेत अजून?

मामा : आहेत की. ह्या बघ. कापसात ठेवल्यात. उन्हाळ्यात मऊ पडतील म्हणून माठाच्या बाजूला ठेवायचो. एकीचीही कड गेलेली नाही.

भाची : मग काय झालं त्यांना? बऱ्या नाहीत?

मामा : फार बऱ्या आहेत. खाचा, उंचवटे, मुळांचा बाक, सगळं. पण प्रत्येकीखाली तू चिठ्ठी चिकटवली आहेस. ही बघ, 'वरची उजवी पहिली'. ही उजवी नाहीच मुळी. डावी आहे.

भाची : काहीतरीच. उजवीच आहे.

मामा : हातात धर. ही गालाकडची बाजू. उजव्या गालाला लाव. आता पुढची कड कुठं गेली?

भाची : ...घशाकडे.

मामा : आता ही घे, 'खालची डावी दुसरी'. तीही तशीच. खारू, बाराच्या बारा उलट आहेत. मी एकेक तपासली, पुन्हा तपासली. मला वाटलं, आपली पोरगी मन लावून कोरते खरी, पण हिला डावं-उजवं कळत नाही. आणि ज्याला डावं-उजवं कळत नाही, त्याच्या हाती उद्या पक्कड द्यायची? तो भलतीच दाढ उपटून ठेवील. आणि वर ती चोपन्न सरासरी. मी म्हटलं, खोटं लिहिणार नाही आणि खरं लिहवणार नाही.

भाची : मामा, मी त्या आरशात बघून केल्या.

मामा : काय?

भाची : आरशात. माझ्याच तोंडात. मला नमुना कोण देणार होतं? घरी कपाटाच्या दाराला आरसा आहे, त्याच्यासमोर आ वासून बसायची, कपाळाला बॅटरी बांधून. जशी दिसेल तशी कोरायची. आई म्हणायची, पोरीला वेड लागलंय.

मामा : आरशात...

भाची : माझी उजवी. आरशातसुद्धा उजव्याच हाताला. म्हणून उजवी लिहिलं.

मामा : थांब, थांब. म्हणजे एकही चुकलेली नाही. बारा उलट आहेत म्हणजे हात एकदाही घसरलेला नाही. चुकून झालं असतं तर चार उलट आल्या असत्या, आठ सुलट. अरे देवा! हे मला कळायला हवं होतं. हे कळणं एवढंच तर माझं काम होतं आयुष्यभर.

भाची : तुम्ही विचारलं का नाहीत?

मामा : तेच तर.

भाची : मी दर रविवारी येत होते. तुमच्यासमोर बसून चहा घेत होते. एक वाक्य, मामा. 'ह्या कशा केल्यास गं?' माझे पंच्याण्णव असते तर विचारलं असतंत. पंच्याण्णववाला उलट कोरतो तेव्हा त्याच्या मागे काहीतरी कारण असतं. चोपन्नवाली कोरते तेव्हा ती मठ्ठ.

मामा : खरं आहे.

भाची : 'खरं आहे' म्हणू नका! तुम्ही लगेच 'खरं आहे' म्हणता आणि मग समोरच्याला भांडताही येत नाही. वीट आलाय मला ह्या भिडस्तपणाचा.

मामा : बेल वाजली. बघ जरा.

भाची : बाबा असतील. खाली गाडीचा आवाज आला मघाशी. उघडते.

दाजी : मास्तर, नमस्कार. बसत नाही, गाडी रस्त्याच्या भलत्या बाजूला लावलीय. ही इथं आहे ते बरं झालं. पोरी, तुझं काम केलंय मी. दुकान नोकरावर टाकून आलो. हा कागद बघा, मास्तर. फक्त खाली सही.

मामा : कसला कागद, दाजी?

दाजी : तुमचंच पत्र. तयार. तुम्हाला लिहायला जड जातं, ते काय मला कळत नाही? मागच्या वर्षी पोस्टानं घोळ घातला...

भाची : पोस्टानं नाही घातला, बाबा.

दाजी : बरं, कुणी का घालेना. ह्या वर्षी मी हयगय केली नाही. एक साहेब आहेत, प्रवेशाचंच काम करतात. कमी गुणवाली पोरं त्यांनी कुठच्या कुठं बसवली आहेत. त्यांच्याकडून लिहून घेतलं. काय फिनिशिंग आहे बघा भाषेला! गुळगुळीत. पाणी टाका, ओघळून जाईल.

मामा : तुमच्या दुकानातल्या फरशांसारखं.

दाजी : चेष्टा करा. वाचा तर खरं.

मामा : 'सदर विद्यार्थिनीने माझ्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चारशे तास रुग्णसेवा केली...' दाजी, माझ्या देखरेखीखाली? मी कधी...

दाजी : तास कोण मोजतंय?

मामा : '...माझ्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत पाहिलेल्या सर्वोत्तम पाच विद्यार्थ्यांत तिची गणना मी नि:संकोच करतो.' नि:संकोच! मी आयुष्यात एक गोष्ट नि:संकोच केलेली नाही. माझ्या ओळखीतला कुणीही हे वाचून हसेल.

भाची : पुढे वाचा. खाली माझं मनोगतही जोडलेलं दिसतंय.

मामा : 'लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांचे बोळके तोंड पाहताना माझ्या बालमनात दंतसेवेचे बीज रुजले...'

भाची : आजोबा मी जन्मायच्या आधी सहा वर्षं गेले. बाबा, तुमचेच वडील ते.

दाजी : अगं, कुणाचे तरी आजोबा असतात की बोळके. भावना महत्त्वाची.

भाची : शी! मला अंगावर पाल पडल्यासारखं होतंय. दवाखान्यात थुंकायचं भांडं रोज मी घासते. रक्त, लाळ, कुणाचं काय. त्याची एवढी घाण वाटत नाही मला. हा कागद चिमट्यानं उचलावासा वाटतोय.

दाजी : वाटणारच! तू शहाणी. चोपन्नवाल्या सगळ्या शहाण्याच असतात. अगं, सरळ रस्त्यानं तुला कोण उभी करणार तिथं? शेजारची पोरगी ब्याण्णववाली, ती कॉलेजात गेली तर तिचा बाप चौकात पेढे वाटल्यासारखा वागतोय, आणि मला विचारतो, 'तुमची अजून भांडीच धुते का?' भांडी! माझी मुलगी. त्याला मी काय सांगू? तीन वर्षं तोंड लपवून फिरतोय मी.

भाची : मग असं म्हणा ना. तुम्हाला माझी लाज वाटते.

दाजी : तुझी नाही वाटत. लोकांची वाटते.

मामा : दाजी, तुम्ही पाणी घ्या.

दाजी : पाणी नको. सही करा. मास्तर, तुम्ही कधी कुणाचं वाईट केलं नाहीत, ठाऊक आहे. पण चांगलं तरी कुणाचं केलंत? एवढी पुस्तकं. ह्या पोरीनं तुमच्या घरचं काय काय केलं, ते मी बोलायला नको. वहिनी आजारी होत्या तेव्हा चार महिने ही इथं. परीक्षा तोंडावर. त्यापायी हिचे गुण गेले. निदान ते तरी लिहा! खरं आहे ना ते? मामीच्या सेवेपायी अभ्यास झाला नाही. मग झालं, कुणाच्याही डोळ्यांत पाणी येईल.

भाची : ते अजिबात लिहायचं नाही.

दाजी : का?

भाची : कारण ते खरं नाही. पहिल्या वर्षी मला चोपन्न, दुसऱ्या वर्षी एक्कावन्न. तेव्हा मामी धडधाकट होती, मला बेसनाचे लाडू करून आणून देत होती. ती आजारी पडली त्या वर्षी सत्तावन्न. सगळ्यात जास्त. मामीच्या आजारपणानं माझे गुण वाढले, बाबा. ते लिहायचं?

दाजी : हिच्यापुढे बोलायची सोय नाही.

भाची : मला लिहिता येत नाही, एवढंच आहे. प्रश्न कळतो, उत्तर माहीत असतं, आणि कागद समोर आला की हात थिजतो. तोंडी विचारा, सांगते. करायला द्या, करते. ह्यात रडण्यासारखं काही नाही आणि मामीला त्यात ओढायचं नाही.

मामा : मला ओढावं लागेल, खारू.

भाची : मामा, तुम्हीसुद्धा?

मामा : गुणांसाठी नाही. 'कशावरून?' असं विचारलंय त्यांनी. कशावरून, तर मी पाहिलंय. दार अर्धं लोटलेलं असायचं. मी बाहेर पुस्तक घेऊन बसायचो. तू सकाळ-संध्याकाळ तिचं तोंड साफ करायचीस. बोटाला गॉज गुंडाळून. तिला गिळता येत नव्हतं, टाळूला सगळा चिकट थर बसायचा, जिभेला भेगा. वास खोलीबाहेर यायचा. एकदा तिनं तुझं बोट चावलं.

भाची : तिला कळत नव्हतं. सवय झाली होती मला. दुसऱ्या बाजूनं अंगठा घालून जबडा धरायचा, मग चावत नाहीत.

मामा : ते तुला कुणी शिकवलं?

भाची : कुणी नाही. चावल्यावर आपोआप कळतं.

मामा : दाजी, त्या दिवसांत मी एकदाही आत गेलो नाही. दारात उभा राहायचो. माझी बायको, आणि मी दातांचा मास्तर. मला मळमळायचं.

दाजी : जाऊ द्या हो. पुरुषांना नाही जमत ते.

मामा : पुरुषांचं नाही ते. माझं आहे. आज सांगूनच टाकतो. मी शिकत होतो तेव्हा माझी सरासरी एक्क्याण्णव होती. पदक मिळालं होतं, त्या कपाटात आहे कुठंतरी. पहिला पेशंट समोर बसला, त्यानं तोंड उघडलं, आणि मी बाहेर जाऊन ओकलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग मी प्लास्टरच्या जबड्यांवर शिकवायची जागा मागून घेतली. पदकवाला होतो, मिळाली लगेच. तीस वर्षं मी जिवंत माणसाच्या तोंडात बोट घातलेलं नाही. प्लास्टरला वास नसतो.

दाजी : काय सांगता काय?

मामा : सगळ्यांना वाटायचं, हा विद्वान आहे, म्हणून दवाखान्यात जात नाही. मी वाटू दिलं. आणि दर वर्षी पंच्याण्णववाली पोरं निवडायला बसायचो. आता ह्या पोरीबद्दल मी कुठल्या तोंडानं मत द्यायचं? हिला किळस येत नाही. ती देणगी असते. ज्याच्याकडे ती नाही, त्यानं...

भाची : कोण म्हणालं येत नाही?

मामा : मी पाहिलं ना. तू गाणं गुणगुणायचीस आत.

भाची : नाक बंद ठेवायला गुणगुणायची. तोंडानं श्वास घेता यावा म्हणून. मामा, मला रोज किळस यायची. पहिले पंधरा दिवस दुपारचं जेवण गेलं नाही. दवाखान्यातही येते. डॉक्टरीणबाईंनासुद्धा येते. त्या अशा वेळी मनात उलटे आकडे म्हणतात. सगळ्यांना येते!

मामा : सगळ्यांना?

भाची : न यायला काय झालं? नाक आहे ना प्रत्येकाला. येते आणि करायचं, बस. त्यात देणगी कसली?

दाजी : मास्तर? अहो मास्तर, काय झालं? बसा, बसा. पाणी आण गं.

मामा : नको. काही नाही झालं. मला... मला कुणी हे सांगितलंच नाही कधी.

भाची : तुम्ही विचारलंत का कधी?

मामा : नाही.

दाजी : चार वाजून दहा झालेत. काय ते ठरवा. माझा कागद तयार आहे, सांगून ठेवतो.

मामा : खारू, तू स्वयंपाकघरात जा. चहा ठेव.

भाची : आत्ता? चहा?

मामा : अर्जदारानं पत्र ऐकायचं नसतं, असा नियम आहे. नियमात तरी राहू. दार लोटून घे. आणि दाजी, तुम्ही बसा. मी लिहिताना थांबलो, तर मला टोका.

दाजी : मी?

मामा : तुम्ही. माझ्यापेक्षा तुम्हाला घाई जास्त आहे.

दाजी : गाडी भलत्या बाजूला आहे हो... बरं, बसलो. लिहा. हं, थांबू नका. पेन का उचललंत?

मामा : 'नमस्कार'ला 'सादर' लावावं का?

दाजी : मास्तर!

मामा : लिहितो, लिहितो.

दाजी : ...झालं? वीस मिनिटं झाली. एवढंसंच? वाचा तर.

मामा : 'अर्जदार माझी सख्खी भाची आहे, हे आधी सांगतो. तिची सरासरी चोपन्न आहे. ती घरच्या कोणत्याही अडचणीमुळे कमी झालेली नाही, तिला लेखी परीक्षा जमत नाही, आणि आपल्याकडेही पहिली दोन वर्षे तिला जड जातील. तरीही ती पेलेल. कशावरून, ते सांगतो. माझी पत्नी शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होती. तिच्या तोंडाची स्वच्छता ही मुलगी दिवसातून दोनदा करत असे. तिला किळस येत असे आणि ती करत असे. मी आपल्याकडे तीस वर्षे शिकवले, परंतु किळस येते म्हणून मी त्या खोलीत गेलो नाही. माझी सरासरी एक्क्याण्णव होती. सोबत मेणाच्या बारा दाढा पाठवत आहे. त्या सर्व उलट्या आहेत, कारण तिने आरशात पाहून स्वतःच्या तोंडातील कोरल्या. तिला पुढ्यात खरा नमुना ठेवून पुन्हा कोरायला सांगावे. मागील वर्षीचे पत्र माझ्याकडून गेले नाही. त्यात तिचा दोष नाही, तो सर्वस्वी माझा आहे.' फार वाईट झालंय का?

दाजी : हे पाठवणार? स्वतःचं नाक कापून देताय त्यांच्या हातात. तिथं अजून तुमच्या हाताखालची माणसं आहेत. तुमचा फोटो लावलाय जिन्यात.

मामा : काढतील.

दाजी : आणि ह्यानं तिला घेतील, असं वाटतं तुम्हाला?

मामा : माहीत नाही. 'पेलेल का?' एवढंच त्यांनी विचारलंय.

दाजी : चिकट थर, म्हणालात तुम्ही. टाळूला.

मामा : हो.

दाजी : आम्हाला तिनं एवढंच सांगितलं होतं, 'मामीजवळ बसते.' घरी आली की तासभर हात धूत बसायची. मी ओरडायचो. पाणी वाया जातं म्हणून.

मामा : दाजी, तो कागद...

दाजी : द्या इकडे. चांगल्या कागदावर छापलाय मेल्यानं, फाटतही नाही सरळ. असू दे. दुकानात फरशी बांधायला होईल. तुम्ही लिफाफा चिकटवा. झाकणावर सही विसरू नका. आणि त्या दाढा? त्या लिफाफ्यात जायच्या नाहीत.

मामा : खोक्याला कागद गुंडाळू. लिफाफा वर बांधू. पेटीत शिरेल का?

दाजी : शिरवू. पोरी! ये बाहेर. चहा राहू दे. दोरा आण.

(कोपऱ्यावरची पत्रपेटी. पाचला सात मिनिटं.)

भाची : बाबा कुठं गेले?

मामा : गाडीला दंडाची चिठ्ठी लागली वाटतं. ते बघ, हवालदाराशी भांडतायत.

भाची : टाका ना, मामा.

मामा : टाकतो. तू आत काय ऐकलंस?

भाची : काही नाही. नळ सोडून ठेवला होता.

मामा : मी 'जड जातील' असं लिहिलंय. पहिली दोन वर्षं. ते खोडायला हवं होतं का?

भाची : जड जाणारच आहेत.

मामा : आणि नाही म्हणाले तर?

भाची : तर मला कळेल तरी, की नाही म्हणाले.

मामा : कोपरा अडकतोय खोक्याचा.

भाची : तिरका करा. थोडा अजून. हां. आता सोडा.

मामा : सोडला... आवाज ऐकलास? खाली पडला.

भाची : ऐकला. आता तोंड उघडा.

मामा : इथं? रस्त्यावर?

भाची : उजेड चांगला आहे. मान वर. अजून. ...कीड अगदी आतपर्यंत गेलीय, मामा. उद्या नऊला दवाखान्यात यायचं. मी डॉक्टरीणबाईंना सांगते, पहिलं नाव तुमचं.

मामा : तिथं तू असशील?

भाची : लाळ ओढायची नळी मीच धरते.

मामा : खारू, वास फार आहे का गं? तुला किळस येईल.

भाची : येईल की. मी गुणगुणेन.